चांदणीचं चौथं पाऊल

कळसाडी,
ता. ११ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. शीलास,

सुकलालचे अ. आ. वि. वि. विनंती तशी काही नाही, विशेष मात्र बरंच आहे, म्हणून आज दोन कागद घेतले. धडगावात तुझ्या मोबाईलला रेंज नाही म्हणून सगळे सरकारला बोलतात, मी बोलत नाही. रेंज असती तर माझं लिहिणं कधीच सुटलं असतं. तू मास्तरीण व्हायला कॉलेजात गेलीस तेव्हा मी चौथी नापास, दुसऱ्याच्या तबेल्यात लीद उचलत होतो, आणि माझं पत्र तू लाल शाईने तपासून परत पाठवायचीस. आज दारात स्वतःची अकरा जनावरं उभी आहेत, तरी पाकीट धडगावच्या दिलवरसिंगच्या जीपमध्ये देण्याआधी मी तीनदा वाचून बघतो. दहापैकी किती, ते कळव.

तर काल आपला वर्ग सुरू झाला. अश्वपालक व अश्वव्यावसायिक प्रशिक्षण वर्ग, मुदत आठ दिवस. एवढं लांब नाव फळ्यावर मावेना, तर आपल्या तबेल्यातल्या धनसिंगने शेवटची तीन अक्षरं खाली लोंबती लिहिली. शहादा, तळोदा, अक्कलकुव्याकडचे पंधरा मालक आपापलं जनावर घेऊन आलेत. बहुतेक वरातीवाले, दोघं घोडी पैदास करणारे. शिकवायला मी आणि तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई, काजलताई. ताईंचं वय पाहून एक मिशीवाले म्हणाले, की तुमच्या जन्माआधीपासून आम्ही घोड्यातच आहोत. ताईंनी त्यांना एवढंच विचारलं, की मग काका, तुमच्या घोड्याचं अंग बरं असताना किती गरम असतं ते सांगा. मिशी खाली आली. तिथून सगळे वहीत लिहायला लागले.

मी हा वर्ग का घेतोय ते तुला माहीत आहेच. आपल्या चांदणी घोडीला जुलैत ग्लँडर्स निघाला. त्या रोगाला औषध नाही, कायद्याने जनावर मारावं लागतं, आणि तो माणसालाही लागतो. निंबाखालच्या खड्ड्यात ती गेली तेव्हा तू तोंडाला पदर लावून माझ्याशेजारी उभी होतीस. नंतर बाकीच्या जनावरांची रक्तं दोनदा तपासून स्वच्छ आली तेव्हा कुठे माझ्या फाटकावरची बंदी उठली. मी ठेच खाऊन शिकलो, बाकीच्यांनी सावलीत बसून शिकावं. शेवटच्या दिवशी, सतरा तारखेला, वर्गातल्या सगळ्या जनावरांचं रक्त घेतील. ते स्वच्छ निघालं तर सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत प्रवेश. एकाचं जरी खराब निघालं तर त्या जनावराची गत चांदणीची.

आपल्या सलाउद्दीन नालबंदाची मेहरुन्निसा भाभी अक्कलकुव्याहून आली आहे. सलाउद्दीन जाऊन दोन वर्षं झाली. वरातीचा धंदा ती एकटी सांभाळते, आणि तिच्या दावणीला एकच जनावर, रेशमा. रेशमा म्हणजे चांदणीचीच लेक, मीच तिला तीन वर्षांपूर्वी सलाउद्दीनकडे दिली होती. भाभीचं स्वागत मी नारळाने केलं नाही, दाण्याची पिशवी, तोबरा, देऊन केलं. आपल्या लोकांची रीत तुला ठाऊक आहे. चांगल्या घोडीच्या मागे तिचा तोबरा टाकत नाहीत, तरण्या घोडीच्या तोंडाला बांधतात, म्हणजे तिची चाल हिच्यात उतरते. मला पहिला तोबरा सलाउद्दीननेच दिला होता. भाभीच्या डोळ्यांत पाणी आलं.

एक गोष्ट लिहू का नको असं झालंय. तू हसशील. आज दुपारी दाण्याच्या वेळी मी नालाचा पाठ घेत होतो. निंबाकडून घुंगरं वाजली. छन, छन, छन, आणि एक पाऊल गप. परत छन, छन, छन, आणि गप. चांदणीच्या मागच्या डाव्या पायातला घुंगरांचा पट्टा एका वरातीत ट्रॉलीच्या चाकाखाली चपटा झाला होता, तो मी कधी बदलला नाही, हे आठवतं ना? नवरदेव दिसायच्या आधी लोक त्या गप पावलावरून ओळखायचे, की सुकलालची घोडी आली. तीच चाल. पंधरा माणसांतल्या एकानेही मान वळवली नाही. सव्वीस घोड्यांनी मात्र कान वळवले.

लोभ आहेच, त्याला तुझ्या बाजूनेही रोज खरारा करत जा म्हणजे चमक राहील.

तुझा भाऊ,
सुकलाल


धडगाव,
ता. १२ नोव्हेंबर

ती. भाऊस,

शि. सा. न. वि. वि. दहापैकी सात. एक गुण रेघेखाली लिहिल्याबद्दल कापला, एक मिशीवाल्या काकांना वर्गात उघडं पाडू दिल्याबद्दल, आणि एक हातचा ठेवला आहे, कशासाठी ते खाली येईल.

लहानपणी आई म्हणायची, की भाऊ, तुन्हा कान तुले खाई टाकतीन. शेजारच्या घरात कोण कोणावर रुसलंय ते तू भाकर खाता खाता सांगायचास. बैलाच्या खोकल्यावरून पावसाचा अंदाज द्यायचास. म्हणून तू ऐकलंस ते खोटं, असं मी म्हणणार नाही. पण कापूस वेचणाऱ्या बायकांच्या पायात पैंजण असतात, आणि तुझ्या शेताला लागूनच वेचणी चालू आहे. आधी ते बघून ये. घोडे कान वळवतातच, तो त्यांचा उद्योग आहे.

इकडे थंडी पडली. तुझे मेहुणे नवनीतराव कानटोपी घालून जेवतात. शाळेत चौथीचे पाढे पाठ होईनात.

दोन गोष्टी कळव. एक, आवाज नेमका किती वाजता येतो आणि तिसऱ्या छननंतर किती वेळ गप राहतो. का विचारते ते विचारू नकोस, मास्तरणीची खोड समज. दुसरी, भाभीला दिलास तो तोबरा कुठला? चांदणीचं सगळं सामान, दोर, तोंडावरची मोहरकी, पाठीवरचं कापड, तोबरा, ताईंनी खड्ड्यात टाकायला लावलं होतं. मी होते तिथे. हातचा गुण याच्यासाठी आहे.

तुझी माया आहे त्याच ठाणावर बांधून ठेव, दावं मी सोडणार नाही.

तुझी,
शीला


कळसाडी,
ता. १४ नोव्हेंबर

चि. सौ. शीलास,

अ. आ. वि. वि. कापूस वेचणाऱ्या बायकांना जाऊन बघून आलो. सगळ्यांच्या पायात प्लॅस्टिकचे बूट. पैंजण कोण घालतं आता चिखलात, असं विचारून त्या माझ्यावरच हसल्या. त्यांच्यातली रूपलीबाई म्हणाली, की पाटील, ह्या वयात पैंजणं ऐकू येऊ लागली तर घरी सांगून ठेवा.

वेळ बारा वाजून दहा मिनिटं. रोज तीच. गप राहतं ते एका पावलाइतकंच, कमी नाही, जास्त नाही. परवा आवाज निंबाखालून फाटकापर्यंत आला. काल फाटकातून पाण्याच्या हौदापर्यंत. हौदाशी थांबला, आणि जनावर पाणी पिताना घशात जो घोट उतरतो ना, तसे चार घोट मी ऐकले. हौदाजवळ कोणी नव्हतं. पाणी हलत होतं. धनसिंगला विचारलं, तर तो म्हणाला, की वारा शे. मग त्याने निंबाकडे पाहिलं. पान हलत नव्हतं. आज तो दुपारी हौदाकडे गेलाच नाही, सकाळीच बादल्या भरून ठेवल्या.

आज आवाज रेशमाच्या ठाणापर्यंत आला.

रेशमाचं काही खरं नाही. वर्गात आल्यापासून तिने तोबऱ्याला तोंड लावलेलं नाही. भिजवलेला हरभरा, वर गूळ, भाभी स्वतः बांधते. घोडी मान मागे ओढते, मोहरकी तुटेपर्यंत. तोच हरभरा जमिनीवर ओतला की दोन घास खाते, पण धुळीतलं तिला पुरत नाही. बरगड्या मोजता येतात. धनसिंग म्हणाला, की मालक, हाई घोडी उपाशी मरी जाई. ताईंनी दात पाहिले, पोटाला कान लावला, दोष नाही. भाभी तिच्या कपाळावर हात फिरवत म्हणाली, की सुकलालभाई, आईच्या उष्ट्याला लेकीने तोंड लावलं नाही, असं कधी ऐकलंय का.

आज मी भाभीला जेवायला पाठवलं आणि तोबरा भरून ठाणाच्या खुंटीला अडकवला. म्हटलं, भूक लागली की आपोआप खाईल. मी दहा हातांवर खाटेवर बसलो. बारा दहाला घुंगरं आली. छन, छन, छन, गप. माझ्यासमोरून गेली शीला, ऊन लखलखीत होतं, जमिनीवर माझी सावली होती आणि खाटेची होती. आवाज खुंटीपाशी थांबला. मग खुंटीवरच्या तोबऱ्यातून हरभरा चावल्याचा आवाज यायला लागला. चाळीस वर्षं ऐकतोय, तो आवाज मला दुसऱ्या कशासारखा वाटणार नाही. कापड आत-बाहेर होत होतं, श्वास घेतल्यासारखं. रेशमा कोपऱ्यात अंग चोरून उभी, कान मागे नाही, पुढे. घाबरलेलं जनावर कान असे ठेवत नाही. आईसमोर शिंगरू ठेवतं तसे होते.

मला वाटतं चांदणी लेकीचा दाणा खातेय. तिला आपल्या ठाणावर परकी बाई नको असेल, किंवा माझ्यावर राग असेल, इंजेक्शन देताना मोहरकी मीच धरली होती. मंगळवारी भगताला बोलवावं म्हणतो. ताईंना सांगू नकोस.

काल ताईंनी रोगाचा पाठ घेतला. एका तोबऱ्यात दोन जनावरांना दाणा देऊ नये, मेलेल्या जनावराचं काही ठेवू नये, अंधारात, ओलीत रोग बरेच दिवस दबा धरून राहतो. त्यांनी विचारलं, की तुमच्यापैकी कोणी असं सगळं सामान पुरलंय का. पहिला हात माझा वर गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तोबरा कुठला, हे काय विचारणं झालं? तोबरा म्हणजे तोबरा. गुण हातचा ठेवायचा असेल तर ठेव.

जीव आहे तोवर जीव लावत राहा, बाकी काय मागू.

सुकलाल


धडगाव,
ता. १५ नोव्हेंबर

ती. भाऊस,

सा. न. वि. वि. थोडक्यात लिहिते, जीप दारात उभी आहे आणि दिलवरसिंग भोंगा वाजवतोय.

चांदणी लेकीचा दाणा खात नाही. तू एवढा कानाचा तिखट आणि एवढं तुला ऐकू आलं नाही? ती लेकीला त्या तोबऱ्यात तोंड घालू देत नाहीये.

भगताला राहू दे. खुंटीवरचा तोबरा कुणाचा आहे ते आधी भाभीला सांग, मग काजलताईंना, मग वर्गाला. या क्रमाने. आजच.

माझ्यावर रागाव, पण लिहायचं सोडू नको.

शीला


कळसाडी,
ता. १७ नोव्हेंबर

चि. सौ. शीलास,

अ. आ. तुझं पत्र काल उशिरा पोचलं, म्हणून तू ‘आजच’ म्हणालीस ते मी आज केलं.

तोबरा चांदणीचाच. खड्ड्यात सगळं मीच टाकत होतो. शेवटी तोबरा हातात राहिला. आत तिच्या लाळेने ओला होता. सलाउद्दीनच्या हातची शिवण, कडेला लाल दोरा. मला टाकवला नाही. सदऱ्याखाली धरला आणि माळ्यावर, कडब्यामागे नेऊन ठेवला. तिथे ऊन पोचत नाही. पंधरा जणांना जे करू नका म्हणून शिकवलं ते सगळं मी केलेलं होतं, तेही अभ्यासक्रमाच्या क्रमाने. मनाला सांगत होतो, की बाकीची जनावरं स्वच्छ निघाली, साडेतीन महिने झाले, आता त्यात काय असणार. आणि रीत मोडायला जीव धजेना. चांदणीची चाल कुठेतरी उतरावी एवढंच होतं.

भाभीला सकाळी सांगितलं. तिने आधी रेशमाला त्या खुंटीपासून लांब बांधलं. मग म्हणाली, की सलाउद्दीन तुम्हाला भाऊ म्हणायचा, आणि माझ्या दावणीला दुसरं जनावर नाही. बस. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मग ताईंना सांगितलं, आणि वर्गापुढे उभा राहिलो. सांगून टाकलं. मिशीवाले काका उठले, मला वाटलं आता हे माझी चामडी काढणार. ते म्हणाले, की पाटील, माझ्या घरीही एक आहे, बापाच्या घोड्याचा. मग आणखी दोघांनी हात वर केला. शीला, आठ दिवसांत एवढं कोणी शिकलं नव्हतं.

ताईंनी हातमोजे घालून तोबरा उचलला. वावरात, माणसांपासून लांब खड्डा केला, रॉकेल टाकून मी पेटवला. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. रेशमा सोडून बाकीची पंचवीस जनावरं एका बाजूला तोंड करून उभी, एकाचीही शेपूट हलली नाही. घुंगरं माझ्या मागून आली, जाळाच्या कडेला थांबली. राख होईपर्यंत थांबली. मग निंबाकडे गेली. छन, छन, छन, गप. परत आली नाहीत.

रेशमाने त्याच वेळी ठाणावर बादलीतला हरभरा खाल्ला. बादली चाटली.

सगळ्यांचं रक्त घेतलं. निकाल येईपर्यंत रेशमा इथेच, वेगळी बांधून. भाभीही इथेच राहणार. माझ्याशी कामापुरतं बोलते. निकाल वाईट आला तर तिच्यापुढे कोणत्या तोंडाने उभा राहू ते तू मोठी शिकलेली आहेस, तू सांग.

गुण सगळे कापून घे. भाऊ म्हणायचं तेवढं कापू नको.

सुकलाल


कळसाडी,
ता. २८ नोव्हेंबर

चि. सौ. शीलास,

अ. आ. वि. वि. अकरा दिवस तुझं एक अक्षर नाही. दिलवरसिंगला विचारलं तर म्हणतो, की बाई बऱ्या आहेत, पत्र देते म्हणतात आणि देत नाहीत. एवढा राग बरा नव्हे.

निकाल काल आला. सगळी जनावरं स्वच्छ. रेशमा स्वच्छ! भाभीने कागद कपाळाला लावला, मग माझ्या हातात दिला आणि म्हणाली, की सुकलालभाई, चहा टाका. तेवढ्यात मला दहापैकी दहा मिळाले.

आज तिला अक्कलकुव्याला न्यायचं ठरलं. तिथून खरारा, नवीन नाल करून पुढच्या आठवड्यात यात्रेला. टेम्पो फाटकाबाहेर लावला. रेशमा ठाणापासून फाटकापर्यंत, पाठीवरचं पाणी हिंदकळणार नाही अशा छान रवाल चालीत आली, आणि फाटकात थांबली. मागचा डावा पाय उचलला, तो खाली टेकवेना. पोटाशी धरून, तीन पायांवर उभी. तोंड उत्तरेला, सातपुड्याकडे. ताईंनी खूर बघितला, सांधा दाबून बघितला. काटा नाही, सूज नाही, दुखत नाही. पाय हातात दिला तर देते. सोडला की पुन्हा वर. सकाळी नऊपासून तशीच आहे. भाभी तिच्या गळ्याला धरून उभी आहे आणि माझ्याकडे बघते. मी आणखी काही लपवलंय का, असं बघते. देवाशपथ, माझ्याकडे आता काही नाही.

तुला काही सुचतंय का? तुझ्याशिवाय कोणाला विचारू.

तुझा,
सुकलाल


धडगाव,
ता. २९ नोव्हेंबर

ती. भाऊस,

शि. सा. न. वि. वि. हे पत्र आणि मी एकाच जीपने येतो आहोत. तोंडाने सांगायला जमणार नाही, म्हणून हातात देईन. तू वाचेपर्यंत मी निंबाकडे तोंड करून उभी राहीन.

तू सदऱ्याखाली तोबरा लपवत होतास तेव्हा मला दिसलं नाही, कारण मी पदराखाली दुसरंच लपवत होते. मागच्या डाव्या पायातला तो चपटा पट्टा. सगळ्यात बिनकामाचा, ना वाजणारा, ना कोणाच्या डोळ्यात येणारा. म्हटलं, एवढा राहिला तर कोणाचं काय बिघडतं. घरी येऊन तीनदा उकळत्या पाण्यात घातला आणि शाळेतल्या माझ्या खोलीत खुंटीला टांगला. काजलताईंच्या हिशेबाने त्यात रोग नसेल. चांदणीचा हिशेब वेगळा दिसतो.

अकरा नोव्हेंबरला बारा दहाला मी खोलीत डबा उघडत होते. खुंटीवर एकदा वाजलं. छन. मग तीन पावलं गप, आणि परत, छन. त्या घुंगरांच्या आत खडा नाही भाऊ, ती पुरीसारखी चपटी आहेत. दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं, त्यात बाकीची तीन पावलं होती. म्हणून मी वेळ विचारली. तू तिकडे तीन पावलं ऐकत होतास, चौथं इथे पडत होतं. तुला तोबऱ्याचा जाब विचारताना प्रत्येक ओळीला मला माझीच लाज वाटत होती. म्हणून हे अकरा दिवस लिहू शकले नाही.

तुझ्याकडे थांबलं, इकडे थांबलं नाही. काल तर शेजारच्या वर्गात चौथीचे पाढे एकदम थांबले. जाऊन बघते तो सगळी मुलं माझ्या खोलीच्या भिंतीकडे बघत होती.

रेशमाला काही झालेलं नाही. तिच्या आईचा पाय माझ्याकडे धडगावात आहे, म्हणून ती इकडे तोंड करून उभी आहे, तो मी आणते आहे. निंबाखाली कडेला हातभर माती काढ, चुना आण. भाभीला हे पत्र वाचून दाखव. सगळं.

मी खोटं बोलले तरी तुझीच आहे, एवढं ध्यानात असू दे.

शीला

ता. क. घाट उतरून चहाला थांबलो आहोत, पेन्सिलीने लिहिते. पट्टा फडक्यात बांधून मांडीवर आहे, आता वाजत नाही. वळणावर दिलवरसिंगने गाडी हळू केली आणि आरशात बघत विचारलं, की बाई, मागून घोडं येतंय का, केव्हाची चाल ऐकू येते, बाजू देऊ का. मी त्याला विचारलं, की पावलं किती वाजतात. तो थोडा वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, की किती म्हणजे काय, चारी. मागे रस्ता उन्हात स्वच्छ दिसत होता. मी म्हटलं, दे बाजू, तिला आपल्या आधी पोचायचं आहे.